भूखंडकाका

मुंबईत रिकामी जागा आणि रिकामा माणूस यांची गाठ पडायला साधारण अठ्ठावन्न वर्षं लागतात. माणूस बँकेत असेल तर साठ. तोवर तो त्या जागेवरून रोज सकाळी फास्ट गाडी पकडायला धावत असतो आणि नाकाला रुमाल लावण्यापुरतीच त्याची तिच्याशी ओळख असते. मग एका महिनाअखेरीला ऑफिसात शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळतं. दुसऱ्या दिवशी गाडी पकडायची नसते. गृहस्थ दूध आणायला म्हणून खाली उतरतो, जागेसमोर थांबतो, कमरेवर हात ठेवतो आणि आसपास कोणी नसताना मोठ्याने म्हणतो, ‘‘काय हा उकिरडा! कोणी बघायला आहे की नाही इथे?’’ कोणीच उत्तर देत नाही. म्हणजे पद रिकामं आहे. भूखंडकाका त्याच दिवशी, दुधाची पिशवी हातात असतानाच, रुजू होतात.

भूखंडकाका ही एक व्यक्ती नाही, नमुना आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठल्याही उपनगरात तो सापडतो. पुढचं वर्णन मुख्यतः मुलुंड पूर्वेच्या वाणाचं आहे. वाचताना आपल्याच गल्लीतला कोणी आठवला, तर तो योगायोग समजू नये.

आधी जागेबद्दल. मुंबईत माणशी मोकळी जागा दीड चौरस मीटरही येत नाही. एक चटई अंथरली की आपला वाटा संपला. अशा शहरात एखादा तुकडा रिकामा राहतो तो कोणाच्या औदार्यामुळे नव्हे. रस्ता रुंद होणार म्हणून सोडलेला आणि रस्ता न झालेला सेटबॅक, दोन सीटीएस नंबरांच्या मोजणीत उरलेला त्रिकोण, नाल्याची कड, उच्चदाबाच्या तारांखालची पट्टी, नाहीतर विकास आराखड्यात हिरव्या रंगाने रंगवलेला आणि कोर्टात राखाडी पडलेला ‘आरजी’चा, म्हणजे मनोरंजन मैदानाचा, प्लॉट. महाराष्ट्रात भूखंडाचं श्रीखंड करणारे पुष्कळ झाले, पण हा तुकडा असा वेडावाकडा असतो की त्याचा साधा चक्कासुद्धा कोणी बांधत नाही.

शिवाय तो खरा रिकामा नसतोच. रात्री टेम्पोतून गुपचूप उतरवलेला राडारोडा, फुटका कमोड, मागच्या वर्षीचा थर्माकोलचा मखर, आणि या सगळ्याच्या डोक्यावर दिमाखात उभा असलेला एरंड. बाजूला सुबाभूळ, घाणेरी, धोत्रा. पाऊस पडला की टाकळा. कामावर असताना काकांना यांतलं एकही नाव ठाऊक नसतं. निवृत्तीनंतर वर्षभरात ते टाकळ्याची कोवळी भाजी घरी आणतात आणि काकूंना सांगतात, ‘‘अगं, फुकट आहे!’’ काकू विचारतात, ‘‘कमोडाच्या अलीकडची की पलीकडची?’’

गावागणिक वाण बदलतो. बोरिवलीचा काका राष्ट्रीय उद्यानाच्या शेजाराने फुगलेला असतो. शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचं जंगल हाकेच्या अंतरावर असूनही त्याला आपल्या पाचशे चौरस फुटांचं जास्त कौतुक. ‘‘बिबट्या येऊन गेला आमच्या प्लॉटवर,’’ असं तो दर महिन्याला सांगतो. पुरावा म्हणून मांजराचे ठसे दाखवतो. अंधेरीचा काका कंपनीतून निवृत्त झालेला, तो मियावाकीशिवाय बोलत नाही. अकिरा मियावाकी हे जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ २०२१ साली वारले. स्थानिक झाडं दाटीवाटीने लावून दोन-तीन वर्षांत स्वतःच्या पायावर उभं राहणारं छोटं जंगल करायची त्यांची पद्धत मुंबई महापालिकेनेही २०२० पासून वापरायला घेतली. अंधेरीच्या काकाने मात्र चौरस मीटरला तीन रोपं हा हिशोब इतका मनावर घेतला की त्याच्या जंगलात शिरायची सोय राहिली नाही. त्याची कात्री दोन पावसाळ्यांपूर्वी आत राहिली आहे.

घाटकोपरचा काका सगळ्यांत ज्येष्ठ, कारण त्याला इतिहास आहे. रहिवाशांनी आणि महापालिकेने मिळून गल्ली सांभाळायची ‘एएलएम’, म्हणजे प्रगत परिसर व्यवस्थापनाची कल्पना १९९७ च्या सुमारास घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमध्येच रुजली. त्यामुळे तो इतर काकांकडे नातसुनेकडे पाहावं तसं पाहतो. त्याचा एकच शत्रू: कबुतरांना ज्वारी टाकणारी आजी. तो रोप लावतो, ती दाणे टाकते, कबुतरं दोन्ही संपवतात. २०१४ साली वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून अंधेरीचा काका आणि घाटकोपरचा काका एकमेकांशी रोपांची देवाणघेवाण करतात. देताना दोघेही सांगतात, ‘‘हे तुमच्याकडे जगायचं नाही.’’

आता मुलुंड. पश्चिमेला १९२२ साली क्राऊन अँड कार्टर या वास्तुविशारदांनी स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंत काटकोनात रस्ते आखून दिले. पूर्वेला १९६७ साली २४ हेक्टरांचं डम्पिंग ग्राउंड मिळालं. पूर्व-पश्चिमेतला हा पक्षपात मुलुंड पूर्वेचे काका कधी विसरत नाहीत. डम्पिंग २०१८ साली बंद झालं. काकांचं नाक अजून ड्यूटीवर आहे. वाऱ्याच्या एका झुळकेवरून ते सांगतात: ‘‘ओला कचरा. कालचा. कोळंबी आहे. म्हणजे बी विंग.’’

पोशाख ठरलेला. चौकड्यांची अर्धी विजार, बँकेच्या कुठल्याशा वर्धापनदिनाचा टी-शर्ट, पायात पावसाळी चपला आणि काखेत लांबोडकं हिशेबाचं रजिस्टर. हे रजिस्टर म्हणजे काकांचा प्राण. चाळीस वर्षं ज्यांनी व्हाऊचरवर सही नाही म्हणून लोकांना परत पाठवलं, त्यांनी झाडांना सवलत का द्यावी? नोंदी अशा:

‘करंज क्र. ४: प्रकृती स्थिर.’

‘बकुळ क्र. २: वाढ नाही. समज देण्यात आली.’

‘अनंत: तीन कळ्या गहाळ. संशय: सकाळी फिरायला जाणारे.’

बाग करायला फुलांची आवड लागते, हा समज बागा न करणाऱ्यांनी पसरवला आहे. फुलांची आवड असलेली माणसं चार दिवस येतात, गुलाबासोबत फोटो काढतात आणि पाचव्या दिवशी त्यांना सर्दी होते. सार्वजनिक जागेत झाड जगवायला लागतो कटकट्या स्वभाव. रोज त्याच वेळी येणं, तीच गोष्ट त्याच माणसाला पुन्हा सांगणं, सांगून झाल्यावर ‘काय म्हणालो मी?’ असं विचारणं, एका नळाच्या वायसरसाठी कचेरीत इतक्यांदा जाणं की साहेबांनी काकांना पाहताच खुर्चीऐवजी वायसरच पुढे करावा. या स्वभावाचं घरात कोणी स्वागत करत नाही, ऑफिसात त्यामुळे बढती हुकते. मोकळ्या भूखंडाला मात्र असाच माणूस लागतो.

काकांची सुरुवात सगळ्यांसारखीच गुलाबाने झाली. गुलाब मेला. शेवंती मेली. सोनचाफा पाऊण वर्ष विचार करून मग मेला. मुलुंड पूर्वेची पुष्कळ जमीन मिठागरांच्या आणि खाडीच्या कुशीतली. वरची भरणी कुठलीही असो, उन्हाळ्यात खालचा खारटपणा वर येतो. काकांनी रजिस्टरात ‘गुलाब: कार्यमुक्त’ असा शेरा मारला आणि आयुष्यात पहिल्यांदा, कोणी परिपत्रक काढलेलं नसताना, आपणहून निरीक्षण केलं. खाडीच्या बाजूला न लावता काय उगवतं ते पाहिलं. करंज, उंडी, पारोसा पिंपळ, नारळ. ही मंडळी खाऱ्या वाऱ्याला पिढ्यान् पिढ्या सरावलेली. ती लावल्यावर मरणं थांबलं. काका आता नवख्यांना सांगतात, ‘‘बाळा, जागेला काय हवंय ते विचार. तुला काय हवंय ते तुझ्या बाल्कनीत लाव.’’

माती हा दुसरा अध्याय. लाल माती म्हणून मागवलेल्या ट्रकमध्ये अर्धा मुरूम निघतो, हे प्रत्येक काकाला एकदा कळतंच. मग त्यांना कोणीतरी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या गच्चीची गोष्ट सांगितली. तिथल्या उपाहारगृहाच्या अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ पासून स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यातून गच्चीवर फळभाज्यांची बाग उभी केली. काकांनी हे ऐकलं आणि त्यांची नजरच पालटली. पूर्वी रस्त्यावर त्यांना दुकानं दिसत, आता कच्चा माल दिसू लागला. रसवंतीवाल्याची चिपाडं, टपरीवरचा चहाचा चोथा, शहाळ्याच्या कवट्या, तबेल्यातलं शेण, गणपतीनंतरचं निर्माल्य, अंगणातला पालापाचोळा. गूळ आणि गोमूत्र कालवून केलेलं पाणी त्यावर शिंपडायचं, थर रचायचे, उलथायचे, थांबायचं. ठाण्याच्या एका रसवाल्याची चिपाडं बारीक असतात असा शोध लागल्यावर ते ट्रेनने पोतं आणू लागले. डब्यात बाजूच्याने विचारलं, ‘‘काका, पोत्यात काय आहे?’’ काका अभिमानाने म्हणाले, ‘‘माती.’’ तो म्हणाला, ‘‘मला तर ऊस दिसतोय.’’ काका म्हणाले, ‘‘दोन महिने थांबा.’’ तो पुढच्या स्टेशनला उतरला.

पाण्याचं राजकारण याहून अवघड. मे महिन्यात टँकरसाठी सोसायट्या भांडत असताना झाडांसाठी पाणी मागणं म्हणजे मार खायचं काम. काका सरळ मागत नाहीत. त्यांनी ए विंगच्या एसीच्या नळ्या एकीला एक जोडून खाली आणल्या. आता रात्री लोक गारव्यात झोपतात आणि थेंब थेंब पाणी उंडीच्या आळ्यात पडतं. काकांचा मेच्या रात्रीचा ठरलेला फोन: ‘‘वहिनी, तुमचा एसी आज बंद का? झाड वाट बघतंय.’’ पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून वाया जाणारं पाणीही ते बादल्यांनी गोळा करतात, पण रोज एकाच झाडाला घालू देत नाहीत. ‘‘क्षार साचतात. आळीपाळीने. वेळापत्रक लिफ्टमध्ये लावलंय.’’ मासे धुतलेल्या पाण्यावरून मात्र सोसायटीत उभी फूट पडली. ते पाणी झाडाला उत्तम, हे कोकणातल्या सगळ्या आज्यांना ठाऊक आहे. पण त्या झाडाची फुलं देवाला चालतात का, यावर जनरल बॉडीत दोन तास चर्चा झाली. शेवटी जास्वंद शाकाहारी आणि नारळ मांसाहारी ठरला. नारळालाही नारळ म्हणून देवापुढे जायचं असतं, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. काकांच्या आलं, ते गप्प बसले.

काकांचा वर्षातला सर्वांत वाईट दिवस म्हणजे ५ जून. त्या दिवशी जागतिक पर्यावरणदिन असतो आणि कोणी ना कोणी इस्त्रीच्या कपड्यांत रोप घेऊन येतं. एका रोपाला अकरा हात लागलेले असतात, त्यातले दोनच झाऱ्यापर्यंत पोचतात. काका एकदा न राहवून म्हणाले, ‘‘साहेब, हवामान खात्याच्या हिशोबाने मुंबईत मोसमी पाऊस ११ जूनला येतो. मधले सहा दिवस याला पाणी कोण घालणार?’’ साहेब म्हणाले, ‘‘तुम्ही आहात ना!’’ साहेब एकदाच खरं बोलले, असं काका म्हणतात. रजिस्टरात त्या रोपापुढे नोंद आहे: ‘प्रतिनियुक्तीवर आलेलं.’

फिलाडेल्फियाचं प्रकरण यानंतरचं. न्यू जर्सीत राहणाऱ्या लेकीने त्यांना एका अभ्यासाची छापील प्रत पाठवली. यूजिनिया साऊथ, चार्ल्स ब्रॅनस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलाडेल्फिया शहरातले ५४१ पडीक भूखंड घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची वाटणी केली. काहींवरचा कचरा काढून, जमीन सपाट करून, गवत आणि थोडी झाडं लावून, बुटकं लाकडी कुंपण घातलं. काहींचा नुसता कचरा उचलला. उरलेले जसे होते तसे ठेवले. आधी आणि नंतर शेजारच्या लोकांना मनाची अवस्था विचारली. २०१८ साली निष्कर्ष छापून आले: हिरव्या केलेल्या भूखंडांजवळ राहणाऱ्यांत उदास वाटण्याचं प्रमाण, काहीच न केलेल्या भूखंडांच्या शेजाऱ्यांच्या तुलनेत, ४१.५ टक्क्यांनी घटलं. गरीब वस्त्यांत तर त्याहून जास्त. नुसता कचरा उचलला तिथे म्हणण्यासारखा फरक पडला नाही. खर्च एका भूखंडामागे सुमारे १,६०० डॉलर.

काकांनी हे मराठीत उतरवून जिन्यात लावलं. पुढे महिनाभर जो भेटेल त्याला, ‘‘बी विंगचं औदासीन्य साडेएकेचाळीस टक्क्यांनी घटलंय, जाणवतंय ना?’’ असं विचारत राहिले. जाणवत नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती, कारण मग काका अभ्यासाची पद्धत समजावत. काकू स्वयंपाकघरातून एवढंच म्हणाल्या, ‘‘उरलेले साडेअठ्ठावन्न टक्के कुठे गेले म्हणता? माझ्याकडे आहेत.’’

त्या अभ्यासात काकांना सगळ्यांत आवडली ती एक साधी बाब, जी बाकी सगळ्यांनी वाचून सोडून दिली. तिथल्या भूखंडांवर कारंजं नव्हतं, पुतळा नव्हता, रंगीत दिवे नव्हते. गवत, थोडी झाडं, गुडघ्याएवढं कुंपण, त्या कुंपणात आत यायला वाट, आणि वेळच्या वेळी देखभाल. ‘‘म्हणजे औषध स्वस्त आहे,’’ काका म्हणाले, ‘‘फक्त ते रोज घ्यायला लागतं. आपल्याकडे लोकांना एकदाच ऑपरेशन हवं असतं.’’

ऑपरेशनवाले यायचेच होते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक लांबत गेली, तेव्हा उपनगरांत ‘भावी नगरसेवक’ ही जमात फ्लेक्सवर जोमाने उगवली. त्यांतल्या एकाची दृष्टी काकांच्या भूखंडावर पडली. तोवर तिथे संध्याकाळी आज्या बसू लागल्या होत्या, पोरं अंडरआर्म खेळत होती, एक जोडपं अभ्यासाच्या नावाखाली करंजाखाली येत होतं. जागा चांगली झाली की लगेच कोणाला तरी ती विकसित करावीशी वाटते. भावी साहेबांनी आराखडा दाखवला: सगळीकडे पेव्हर ब्लॉक, ओपन जिम, मधोमध घुमटी, हृदयाच्या आकाराचा सेल्फी पॉइंट आणि प्रवेशद्वारावर साहेबांचा, साहेबांच्या साहेबांचा आणि त्यांच्याही साहेबांचा फोटो.

‘‘आणि झाडं?’’ काकांनी विचारलं.

‘‘कुंड्या देतो ना, काका! पाहिजे तेवढ्या.’’

काकांना मोकळ्या जागांचा सगळा इतिहास पाठ. सांभाळायला म्हणून दिलेल्या मैदानांवर पूर्वी क्लब कसे उभे राहिले. जानेवारी २०१६ मध्ये दत्तक धोरण पालिकेत मंजूर झालं आणि गदारोळ होताच मुख्यमंत्र्यांनी त्याला कशी स्थगिती दिली. २०२३ मध्ये नवा मसुदा कसा आला. दुसऱ्या बाजूला चांगली उदाहरणंही त्यांना तोंडपाठ आहेत: माटुंग्याच्या लोकांनी उड्डाणपुलाखालची गलिच्छ जागा लावून धरली आणि २०१६ साली तिथे नर्मदेच्या वळणांची वाट असलेलं नानालाल मेहता उद्यान झालं, धारावीजवळच्या कचराभूमीवर १९९४ साली महाराष्ट्र निसर्ग उद्यान खुलं झालं. तानसाच्या जलवाहिन्यांकडेने मुलुंडपासून ३९ किलोमीटरची सायकलवाट करायची योजना ‘हरित वारी जल तीरी’ या नावाने निघाली, तेव्हा काका नावावरच इतके खूश झाले की योजना पुढे किती सरकली हे विचारायचं आठवडाभर विसरले. पण त्यांच्या त्रिकोणाला कोणत्याच यादीत नाव नव्हतं. दत्तक देता येईल एवढा तो मोठा नव्हता आणि कोणी ढुंकून पाहू नये एवढा आता वाईटही राहिला नव्हता. काकांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी अफवा सोडली.

‘‘घोणस आहे,’’ ते वॉचमनला हलक्या आवाजात म्हणाले. दुपारपर्यंत घोणस सहा फुटांची झाली. संध्याकाळी ती जोडी झाली. भावी साहेबांनी फोनवर विचारलं, ‘‘काका, तुम्ही स्वतः बघितली?’’ काका म्हणाले, ‘‘मी कसा बघणार? वॉचमनने बघितली.’’ वॉचमन म्हणाला, ‘‘काकांनी सांगितलं.’’ साक्षीपुरावा पुरेसा वाटून भावी साहेब दुसऱ्या वॉर्डात निघून गेले.

विजय अवघा चार दिवस टिकला. कारण घोणशीच्या भीतीने आज्या यायच्या थांबल्या, पोरं थांबली, करंजाखालचं जोडपंही अभ्यास घरी करू लागलं. पाचव्या सकाळी कोपऱ्यात कचऱ्याची काळी पिशवी. सहाव्या दिवशी तीन. काकांच्या तेव्हा ध्यानात आलं की कचरा रोखत होती ती त्यांची पाटी नव्हे, बाकावर बसून सगळ्या जगावर टीका करणाऱ्या आज्या होत्या. चार डोळे हलले की उकिरडा परत येतो.

मग सर्पमित्राला बोलावणं गेलं. जनतेसमोर जागेची झडती घ्यायची, साप नाही असं जाहीर करायचं, असा काकांचा बेत. सगळी सोसायटी कुंपणाबाहेर. तरुण सर्पमित्राने काठीने पालापाचोळा उकरला. एकामागून एक टेनिसचे चेंडू निघाले, एक चप्पल, काकांची दोन वर्षांपूर्वी हरवलेली खुरपी. काका टाळ्यांच्या अपेक्षेने प्रेक्षकांकडे वळले, आणि त्याच वेळी त्यांच्या पायाजवळून पिवळसर लांबलचक काहीतरी सळसळत गेलं. गुडघ्याच्या दुखण्यामुळे जमिनीवर बसायला मनाई असलेले काका एका उडीत बाकावर होते.

‘‘धामण आहे, काका. बिनविषारी. उंदीर खाते. राहू द्या, फायद्याची आहे,’’ सर्पमित्र म्हणाला.

काकांनी बाकावरूनच रजिस्टर मागवलं. नोंद झाली: ‘धामण क्र. १. काम: उंदीर. नेमणूक कायम.’ आज्या परत आल्या. मुलांना विषारी-बिनविषारीतला फरक सांगायला आता एक सदस्य कायमचा हजर होता.

पुढच्या उन्हाळ्यात काका-काकू सहा महिन्यांसाठी लेकीकडे गेले. जाताना काकांनी पाणी, खत, फुलचोर आणि एसी अशा चार प्रकरणांची सूचनापुस्तिका प्रत्येक दाराखालून सरकवली. लेकीने नायगारा दाखवायचं ठरवलं होतं. काका म्हणाले, ‘‘पाणी मी पाहिलंय. आधी फिलाडेल्फिया.’’ तिथे त्यांनी जावयाला घेऊन अशा एका भूखंडाभोवती दोन फेऱ्या मारल्या. गवत कापलेलं. कुंपण बुटकं, कुलूप नाही, कोणीही आत जावं. काकांच्या चेहऱ्यावर प्रसन्नता पसरली. तेवढ्यात त्यांना कुंपणाचा एक खिळा सैल दिसला. इथे तक्रार कोणाकडे करायची, हे शोधायला जावयाचा रविवार गेला. काकूंनी नायगारा जावयाबरोबर पाहिला.

मुलुंडला इकडे आधी सुटकेचा निःश्वास टाकला गेला. पहिल्या आठवड्यात लोक एसी हवा तेव्हा बंद करू लागले, जिन्यातून न वाकता जाऊ लागले. दुसऱ्या आठवड्यात उंडीची पानं लोंबली. तेव्हा ए विंगच्या एका गृहस्थांनी, केवळ कोणी करत नाही म्हणून चिडून, नळी जोडली आणि सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, ‘हे काम मीच करायचं का?’ त्याला उत्तर आलं, ‘मी कालच घातलं होतं, तुम्ही बघितलं नाहीत.’ मग कोण किती वेळा घालतं याची यादी निघाली. यादीत चुका निघाल्या. चुकांवरून भांडण झालं, भांडणातून वेळापत्रक. आतापर्यंत लिफ्टमध्ये एकमेकांना पाहून मोबाइलमध्ये तोंड खुपसणारी माणसं रोज संध्याकाळी करंजाखाली जमून एकमेकांच्या हलगर्जीपणावर बोलू लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या आजोबांना तर भांडायला इतकी माणसं पहिल्यांदाच मिळाली. ते दिवसातून दोनदा खाली उतरू लागले आणि त्यांच्या डॉक्टरांनी ‘चालणं वाढवलंत, छान!’ असं म्हटलं. फिलाडेल्फियाच्या अभ्यासात या मुद्द्याची नोंद नाही, पण माझ्या मते तीच मुख्य लस आहे. झाडं मनाला बरी वाटतात हे खरंच. पण झाडांसाठी शेजाऱ्याचं दार वाजवावं लागतं, त्यानेही मन बरं होतं. हिरवाईइतकीच कटकटही सांसर्गिक असते.

काका परतले ते रात्रीच्या विमानाने. पहाटे साडेपाचला, कोणी उठायच्या आत, रजिस्टर काखेत मारून ते खाली उतरले. आळी ओली, गवत कापलेलं, करंज क्र. ४ हातभर वाढलेला, धामण कामावर. काकांना भरून आलं. देवाला वाहावं म्हणून त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदा, त्या बागेतल्या जास्वंदीला हात लावला.

‘‘ओ! कोण आहे तिकडे?’’ तिसऱ्या मजल्यावरून वहिनींचा आवाज कडाडला. ‘‘फुलं तोडायला परवानगी नाही! झाडं काय तुमच्या बापाची आहेत? काय म्हणाले मी?’’

अंधारात काकांना कोणी ओळखलं नाही. त्यांनीही ओळख दिली नाही. जास्वंद जागच्या जागी सोडून ते हळूच बाकावर बसले, खिशातून पेन काढलं आणि रजिस्टरात त्या दिवसाची पहिली नोंद केली: ‘पहाटे फूल तोडताना एक इसम आढळला. समज देण्यात आली. तिसरा मजला: नेमणूक कायम करावी.’